माळवदाखाली

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घरोघरच्या बायांचे लक्ष फराळाच्या डब्यांकडे लागे, आणि आमच्या आजीचे मात्र माळवदाकडे. पावसाळाभर त्यावर गवत माजलेले असे. ते मुळासकट उपटायचे. मुळे राहिली तर पुढच्या पावसात नेमकी तेथूनच गळती लागते, हा तिचा सिद्धांत. गवत निघाले की ती अनवाणी पायांनी सगळ्या माळवदावरून एकदा सावकाश चालत जाई. कोठे माती दबली आहे, कोठे उंदराने बीळ केले आहे, हे तिच्या तळपायांना कळे. मग ती खाली उतरून पोतेऱ्याची बादली हाती घेई, आणि तेव्हा आम्हा मुलांच्या लेखी दिवाळी सुरू होई.

ते माळवद आता नाही. 1993 सालच्या दिवाळीच्या आधीच वडिलांनी ते उतरवले आणि घरावर पत्रे घातले. का उतरवले ते पुढे येईलच. पण त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात आजी दुपारी घर सोडून समोरच्या निंबाखाली बाज टाकून पडत असे, आणि कोणी विचारलेच तर म्हणे, "घरात काय करू? घर तापलंय, त्याला निजू द्या जरा."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत मुलांना शिकवणारा आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य. इमारतशास्त्र मला येत नाही. परंतु गेल्या वैशाखात मी वर्गातल्या मुलांना एक उद्योग लावला. दुपारी दोन वाजता तुम्हाला ठाऊक असलेली सर्वांत थंड जागा कोणती, ते वहीत लिहून आणा. विहीर आली, देऊळ आले, मोसंबीचा बाग आला, एकाने बँकेचे नाव लिहिले. घर म्हणून ज्यांनी लिहिले त्यांनी बहुतेकांनी आपले घर लिहिलेच नाही. आजोळचे धाब्याचे घर लिहिले. एका मुलीने लिहिले होते, "आईच्या आजीचे घर, पण ते आता पाडायचे आहे." तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे.

आमचे वैजापूर नारंगीच्या काठी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि सावलीत मात्र जीव थंडावतो. हा कोरडेपणाच मराठवाड्याच्या घरांचा खरा शिल्पकार होय. कोकणातल्या माणसाला वारा हवा असतो, म्हणून त्याच्या घराला उतरते छप्पर आणि मोकळी पडवी. आम्हाला दिवसा वारा नकोच असतो. तो भट्टीतून आल्यासारखा येतो. दिवसा घर मिटून घ्यायचे आणि रात्री उघडायचे, हे येथले तंत्र.

ते किती जुने आहे याचा शोध घेऊ गेले तर वेरूळला जाऊन पोचावे लागते. लेण्यांकडे आपण मूर्तींसाठी जातो, आणि ते योग्यच आहे. पण बौद्ध लेण्यांतले विहार म्हणजे मुळात भिक्षूंच्या राहण्याच्या जागा. पुढे ओसरी, आत सभामंडप, त्याच्या बाजूंना लहान लहान खोल्या. डोंगराच्या पोटातला कातळ दिवसाच्या उन्हाने तापत नाही आणि रात्रीच्या थंडीने गारठत नाही. वर्षभर त्याची प्रकृती जवळजवळ एकसारखी राहते. मे महिन्यात बाहेरच्या फरशीवर पाय भाजत असतात तेव्हा आतल्या खोलीत पाऊल टाकावे, म्हणजे कातळ कोरणाऱ्यांना काय साधले होते ते अंगाला कळते.

पुढे सुलतानांच्या काळी हीच युक्ती पाण्याच्या मदतीने झाली. पूर्वीच्या अहमदनगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ फर्‍याबाग म्हणून निजामशाहीतला एक महाल आहे. मोठ्या तलावाच्या मधोमध अष्टकोनी, दुमजली इमारत. चहूकडून येणारा वारा पाण्यावरून निवून आत यावा अशी योजना. पहिली बांधलेली इमारत सुलतानाला पसंत पडली नाही म्हणून ती पाडली आणि पुन्हा बांधून 1583 साली पुरी केली, असे सांगतात. घर पसंत नाही म्हणून पाडून दुसरे बांधायला लावणे, हे सुख इतिहासात फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे. बाकीच्यांनी जे बांधून मिळाले त्यात दिवस काढले.

मला त्याहून आवडते ती छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. हे शहर खडकी या नावाने मलिक अंबरने 1610 च्या सुमारास वसवले, आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. त्याच परंपरेतल्या एका नहरीचे पाणी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी येते. अठराव्या शतकात तेथे त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरवून यात्रेकरूंसाठी आणि शिष्यांसाठी पीठ दळत असत. चक्की पाहायला सहली येतात, आमच्याही शाळेची जाते. पण मुलांना मी नेहमी दुसरी गोष्ट दाखवतो. समोर जो मोठा हौद आहे त्याचा तळ म्हणजेच खालच्या एका प्रशस्त दालनाचे छत आहे. जाडजूड खांबांवर अख्खे पाणी तोललेले, आणि त्याखाली उन्हातान्हातून आलेल्या माणसांनी विसावायचे. फर्‍याबाग एका सुलतानाच्या सुखासाठी होती. येथे कोणीही वाटसरू येऊन पडावा. एकाच विद्येचे हे दोन उपयोग.

आता माळवदाकडे वळतो, कारण महालांचा इतिहास लिहायला पुष्कळ लोक आहेत.

आमच्याकडे घर फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन लाकडी खांबांमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणी, सात खणी म्हटले की ऐकणाऱ्याला घर डोळ्यांपुढे दिसे. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर जवळजवळ बसवलेल्या लाकडाच्या किलचा. त्यावर निंबाचा पाला किंवा पऱ्हाट्या, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. गावाचे दोन भाग आपण काळी आणि पांढरी म्हणतो. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. शेतातली काळी माती माळवदाला चालत नाही. ती उन्हात फाटते. पांढरी माती मात्र पहिल्या सरीबरोबर फुगून आपल्या भेगा आपणच बुजवते. जुन्या पडक्या गढीची पांढरी तर सर्वांत चांगली समजत. म्हणजे पणजोबांच्या काळची भिंत पणतवाच्या डोक्यावर छप्पर होऊन बसे.

भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड. बाहेरच्या अंगाला खिडक्या जवळजवळ नाहीत. एक दरोडेखोरांची भीती, दुसरी उन्हाची. अशा भिंतीत सकाळी शिरू लागलेली उष्णता आतल्या अंगाला पोचेपर्यंत दहा-बारा तास जातात. म्हणजे दुपारचे ऊन घरात मध्यरात्रीला येते, आणि तेव्हा घरातली माणसे माळवदावर झोपलेली असतात! वरून मोकळे आकाश, खाली निवत चाललेली माती. पहाटेपर्यंत चौकातही गार हवा उतरून साचे, आणि दारे मिटून ती दुपारपर्यंत पुरवीत. उजेडासाठी आणि धुरासाठी छताला एक चौकोनी भोक ठेवत, त्याला सवणे म्हणतात. कोणी साणे म्हणतात. पावसात त्यावर परात पालथी घालायची. त्या सवण्यातून येणारा उन्हाचा कवडसा जमिनीवर कोठे पडला आहे ते पाहून आजी दुपारच्या चहाचे आधण ठेवी. घड्याळ घरात होते, पण ते पुरुषांचे.

या घरात माणूस एका जागी राहत नसे, तो घरभर फिरत असे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सकाळी ओसरी, दुपारी माजघर, संध्याकाळी अंगण, रात्री माळवद. हिवाळ्यात दुपारीही माळवदावर, पापड-सांडग्यांना राखण म्हणून. ज्याला जेव्हा जेथे बरे वाटेल तेथे त्याने जावे, एवढी जागा आणि एवढी मोकळीक घराने दिलेली असे. हल्ली आपण एका खोलीत बसतो आणि ऋतूंना यंत्राने बाहेर ठेवतो.

तथापि मी जुन्या घरांचा भाट नाही. तो थंडावा सर्वांना सारखा मिळत नव्हता. वाड्याच्या ढाळजेत पुरुष पान खात बसत, आणि स्वयंपाकघरात सवण्यातून जेवढा धूर बाहेर जाई त्याहून अधिक बाईच्या डोळ्यांत जाई. बाळंतपणे अंधाऱ्या खोलीत होत. बळदात धान्य थंड राही, त्याची काळजी जेवढी घेतलेली दिसते तेवढी सुनेच्या डोळ्यांची घेतलेली दिसत नाही. आणि ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, ज्यांना गावाच्या कडेला राहावे लागे, त्यांच्या वाट्याला माळवद नव्हतेच. कुडाच्या भिंती आणि वर पाचटाचे सप्पर. घर माणसाच्या गरजेप्रमाणे बांधलेले होते हे खरे, पण कोणत्या माणसाच्या, हा प्रश्न माजघरात उभे राहून विचारला की उत्तर वेगळे येते.

आता 1993. गणपती बोळवून लोक झोपले होते. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावेच्या गावे बसली, आणि जवळजवळ आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली गेली. आम्ही ती बातमी वैजापुरात रेडिओवर ऐकली. मी तेव्हा सातवीत होतो. वडील काहीच बोलले नाहीत. रात्री कंदील घेऊन माजघरात उभे राहिले आणि किती तरी वेळ वर पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला अंगणात झोपायला सांगितले, आणि सहा आठवड्यांच्या आत माळवद उतरले.

नंतर तज्ज्ञांनी जे शोधून काढले ते मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. भिंत जाड होती, पण ती एक भिंत नव्हती. बाहेरच्या बाजूने एक दगडी थर, आतल्या बाजूने दुसरा, आणि मध्ये चिपा व माती. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड गवंड्यांनी घातलेच नव्हते. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि भिंत पोटातून फुटली. दुसरी गोष्ट वरच्या मातीची. गळती लागली की दरवर्षी मृगाच्या आधी नवी माती टाकायची, पण जुनी काढायची नाही, अशी रीत पडली होती. थर एक फुटाचा, दीड फुटाचा, दोन फुटांचा होत गेला. मुलांना मी हे गणित घालतो: दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती असेल तर तिचे वजन किती? सुमारे साडेचार टन. उत्तर आले की वर्ग एकदम गप्प होतो. आणि तिसरी गोष्ट अशी, की कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी जेथे लाकडी खांबांचे खण नीट जोडलेले होते तेथे ते उभे राहिले आणि त्यांनी वरचे छत तोलून धरले. म्हणजे ज्या खणांनी आमचे पूर्वज घर मोजत होते, त्यांनीच शेवटी काही माणसे वाचवली.

हे सारे त्या दिवाळीला वडिलांना कोणी सांगितले असते तर? मातीचा थर निम्मा करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब-तुळयांचे सांधे आवळा, एवढे सांगायला हवे होते. परंतु भीती घाईची असते. तिने मारणारी माती आणि थंडावा देणारी माती यांत फरक केला नाही. मराठवाड्यात त्या वर्षानंतर ठिकठिकाणी माळवदे उतरली आणि पत्रे चढले. वडिलांना मी दोष देत नाही. ज्याची मुले त्या छताखाली झोपत होती त्याने जे केले ते केले.

सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचे मोठे काम काढले. पुरती उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसवली. रुंद सरळ रस्ते, ओळीने घरे, प्रत्येक घर सुटे. भूकंपाच्या दृष्टीने ती पक्की होती, हे पहिल्याने म्हटले पाहिजे. पण घर केवढे द्यायचे हे ठरले ते जमिनीवर: ज्याची जमीन नाही किंवा थोडी आहे त्याला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या खातेदाराला 750. घरात माणसे किती, म्हातारे किती, गुरे किती, हा हिशेब त्यात नव्हता. शेजारच्या भिंतीची सावली नाही, चौक नाही, रात्री वर जाऊन निजायला माळवद नाही. मग लोकांनी आपल्या हातांनी घरापुढे पडव्या काढल्या, अंगणाला भिंती घातल्या, गोठ्याची आडोशी सप्परे उभी केली. साहेब लोक त्याला बेशिस्त बांधकाम म्हणत असतील. मला ती लोकांनी नकाशावर लिहिलेली दुरुस्ती वाटते.

याच कार्यक्रमाचा दुसरा अर्धा भाग फारसा कोणाला आठवत नाही, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. जी घरे पडली नव्हती, नुसती तडकली होती, ती जागच्या जागी बळकट करायची होती. अशी घरे लाखाहून अधिक होती. येथे पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती दिला आणि काम त्याने आपल्या देखरेखीखाली करून घ्यायचे ठरले. भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, पट्टा कोठे घालायचा, हे गावोगाव समजावून सांगायला 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने महिला मंडळांतल्या बाया पुढे केल्या. त्यांना संवाद सहायक म्हणत. ज्या बायांनी जन्मभर भिंती सारवल्या होत्या त्या आता गवंड्याला विचारू लागल्या, हा दगड लांब का नाही घेतलास? मला या प्रसंगावर कादंबरी लिहायची आहे; अजून जमलेली नाही.

गाव हलवण्याची गोष्ट निघाली म्हणून इजिप्तचे एक उदाहरण सांगतो. लक्सरजवळ गुर्ना गावचे लोक प्राचीन थडग्यांवर घरे बांधून राहत होते. त्यांना तेथून हलवावे म्हणून 1945 च्या सुमारास हसन फतही या वास्तुकाराकडे नवे गाव रचण्याचे काम आले. त्याने नुबियातले गवंडी आणले, कच्च्या विटांच्या कमानी आणि घुमट उभारले, चौक ठेवले, वारा आत ओढणारी धुराडी ठेवली. त्याने घराघरांत चौकशी केली होती, गरिबांविषयी त्याला खरी कळकळ होती. तरी बहुतेक लोक त्या गावात राहायला गेलेच नाहीत. थडग्यांतल्या जुन्या वस्तूंवर त्यांचा चरितार्थ चाले. आणि घर कसे हवे हे विचारण्याआधी, जायचे आहे का हे मात्र कोणी विचारले नव्हते. वास्तुशास्त्राची पुस्तके आजही त्या गावाची चित्रे छापतात.

आपल्याकडे 2018 साली केंद्र सरकारने 'इको निवास संहिता' काढली. भिंतींतून आणि खिडक्यांतून घरात किती उष्णता येऊ द्यावी, छत कसे असावे, उजेड-वारा किती हवा, याचे आकडे तिच्यात आहेत. मला ती वाचून आनंद झाला. मग एक ओळ वाचली, की ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी आहे. आमच्या तालुक्यात जी घरकुले बांधली जातात त्यांना किमान 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट जागा ठरलेली आहे. त्यांना संहिता लागू नाही, ऊन मात्र लागू आहे. वर पत्रा टाकला तर दुपारी तो तापायला वेळ लागत नाही. मी स्वतः काही वर्षे पत्र्याच्या वर्गखोलीत शिकवले आहे. मार्च संपत आला की फळ्याजवळ उभे राहवत नसे, आणि मागच्या बाकांवरची मुले माना टाकत. त्यांना आळशी म्हणून मी रागावलो आहे. आज त्याची लाज वाटते.

आमच्या घरापैकी मागचा एक खण वडिलांनी त्या वेळी तसाच ठेवला होता. वरचे माळवद काढले, पण खांब, तुळया आणि किलचा राहू दिल्या आणि त्यावर पत्रा टाकला. लाकूड विकावेसे वाटले नाही, एवढेच कारण ते सांगतात. यंदा पावसाळा सरल्यावर मी त्या खणाचे काम काढले आहे. जुन्या भिंतीतून हातभर अंतरावर दगड काढून तेथे आरपार लांब दगड बसवतो आहोत, वरच्या बाजूने काँक्रीटचा पट्टा फिरवला आहे, सांध्यांना लोखंडी पट्ट्या मारल्या आहेत. वर माती घालणार, पण सहा बोटे, आणि दरवर्षी जुनी खरवडून मग नवी. हे सारे एका अनुभवी अभियंत्याला दाखवून घेतले. कादंबरीकाराच्या हिशेबावर छत उभारू नये.

परवा गवंडी भिंतीपाशी उभा राहून म्हणाला, "मास्तर, खिडकी कुठं काढायची?" मी कागद शोधू लागलो. त्यावर मी नकाशा काढून ठेवला होता. तेवढ्यात आमची मंडळी आतून आली, पिठाचे हात तसेच, चूल मांडायची त्या जागी खाली बसली आणि डोळ्यांसमोर हात धरून म्हणाली, "इथं. बसल्यावर मला अंगण दिसलं पाहिजे." गवंड्याने तिच्या हाताच्या उंचीवर खडूने रेघ ओढली.